यंत्रमागावरील चामडी अवयव : कौशल्य आणि सुरक्षितता (भिवंडीच्या संदर्भात एक विवेचन)

प्रस्तावना

चामडी वस्तू म्हटल्या की पादत्राणे, पाकिटे, पिशव्या आणि कमरपट्टे सामान्यतः डोळ्यांसमोर येतात. यंत्राचा अवयव म्हणून वापरले जाणारे चामडे या विचारातून बहुधा सुटते. गिरण्यांच्या काळात मुख्य दंडावरून यंत्रांना गती देणारे पट्टे चामड्याचे असत. सूतकताईतील रुळांवरचे मऊ आवरण मेंढीच्या चामड्याचे असे आणि मागावर धोट्याला ठोसा देणारा पिकर म्हशीच्या चामड्याचा असे. यांपैकी पहिल्या दोन वस्तू जवळजवळ इतिहासजमा झाल्या आहेत. तिसरी वस्तू मात्र साध्या यंत्रमागावर, आता पुष्कळ प्रमाणात कृत्रिम द्रव्याच्या रूपात, अजून दररोज काम करीत आहे. भिवंडीच्या कोणत्याही जुन्या लूमशेडमध्ये ती पाहावयास मिळते.

यंत्र कुशलतेने चालविणे आणि ते सुरक्षितपणे चालविणे हे विषय प्रशिक्षणाच्या पुस्तकांत स्वतंत्र प्रकरणांत मांडण्याची रीत आहे. कौशल्याचे प्रकरण आधी येते. सुरक्षिततेचे शेवटी, पुष्कळदा सूचनांच्या यादीच्या स्वरूपात. साध्या यंत्रमागाच्या बाबतीत ही विभागणी टिकत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. ज्या दोषामुळे कापड बिघडते त्याच दोषामुळे धोटा मागाबाहेर उडतो, आणि तो दोष वेळेवर ओळखणारा कामगार एकाच वेळी चांगला विणकर असतो आणि सावध कामगारही असतो. असे असूनही दोष वेळेवर दुरुस्त का होत नाही, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी मागाच्या एका लहानशा भागापासून आरंभ करणे सोयीचे ठरेल.

भिवंडीतील साधा माग

कामवारी नदीकाठची भिवंडी ही जुनी हातमागाची पेठ. १८५७ नंतरच्या काळात उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी येथे आपले माग मांडले. १९३० च्या दशकात वीज आणि यंत्रमाग आले. महाराष्ट्रात त्यापूर्वी इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये यंत्रमाग सुरू केला होता. भिवंडीचा झपाट्याने विस्तार झाला तो मात्र स्वातंत्र्योत्तर काळात, विशेषतः १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपानंतर. गिरण्यांतील कापडाचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर या शहराकडे वळले. गिरण्यांनी मोडीत काढलेले मागही त्यामागोमाग आले. आज शहरात व परिसरात काही लाख यंत्रमाग असल्याचे मानले जाते. त्यांवर काम करणारे बहुसंख्य विणकर उत्तर प्रदेश, बिहार आणि तेलंगण या राज्यांतून आलेले आहेत.

या मागांची रचना मूलतः लँकेशायरची आहे. जॉन के याने १७३३ मध्ये धोटा हाताने न फेकता दोरीने ओढलेल्या पिकरच्या साहाय्याने फेकण्याची युक्ती काढली. एडमंड कार्टराइटने १७८५ मध्ये यांत्रिक मागाचे पेटंट घेतले आणि ब्लॅकबर्नच्या केनवर्दी व बुलो यांनी १८४१ मध्ये बाण्याचा धागा तुटताच माग थांबविणारी योजना त्यात आणली. भिवंडीतील साधा माग याच वंशातला. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या रचनेवर आजही कापड निघते, याचे कौतुक करावे की खेद मानावा, याविषयी मतभेद होऊ शकतो. परंतु या यंत्राचे गुणधर्म कामगाराच्या दृष्टीने काय आहेत हे समजून घेण्यास पर्याय नाही.

धोट्याचा प्रवास

मागाच्या तीन मुख्य क्रिया आहेत. ताण्याच्या तारांचे दोन थर होऊन मध्ये बोगद्यासारखी मोकळी जागा उघडते. त्या जागेतून धोटा बाण्याचा धागा घेऊन एका पेटीतून दुसऱ्या पेटीत जातो. आणि फणी पुढे येऊन तो धागा कापडाला ठोकून बसविते. फणी ज्या जड लाकडी चौकटीवर बसविलेली असते, तिला स्ले म्हणतात. धोटा या स्लेच्याच सपाट पृष्ठावरून, फणीला पाठ घासत धावतो. त्याला मार्गावर धरून ठेवणारी दुसरी कोणतीही यांत्रिक पकड नसते. खाली स्लेचे लाकूड, मागे फणी, वर ताण्याच्या तारांचा पातळ थर आणि समोर काहीही नाही. एका पेटीतून सुटल्यापासून दुसऱ्या पेटीत अडेपर्यंत तो वस्तुतः भिरकावलेला असतो.

या भिरकावण्याचे मोजमाप साध्या गणिताने करता येते. मिनिटाला १५० फेकी करणारा माग घेतल्यास एका फेकीस ०.४ सेकंद मिळतात. त्यापैकी सुमारे एक-तृतीयांश वेळच धोट्याच्या प्रवासाला उपलब्ध असतो, कारण उरलेल्या वेळात बोगदा उघडणे-मिटणे आणि ठोकणे या क्रिया व्हावयाच्या असतात. ५२ इंची मागावर सुमारे १.६ मीटर अंतर एवढ्या अवधीत कापावयाचे, तर वेग सेकंदाला १२ मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी ४३ किलोमीटर होतो. भरलेल्या कांडीसह धोट्याचे वजन ४०० ग्रॅम धरले तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे २९ जूल येते. १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू ताशी ६८ किलोमीटर वेगाने आल्यास त्यात एवढीच ऊर्जा असते. फरक इतकाच की चेंडू गोल असतो आणि धोट्याच्या दोन्ही टोकांना पोलादी टोपणे असतात. विणकर मागासमोर उभा असता त्याचा चेहरा, छाती आणि हात या प्रवासमार्गापासून हाताच्या अंतरावर असतात.

ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हेही येथे ध्यानात घ्यावे. अधिक मीटर काढण्यासाठी मोटारीची पुली बदलून मागाचा वेग दहा टक्क्यांनी वाढविला, तर धोट्याची ऊर्जा एकवीस टक्क्यांनी वाढते. ती प्रत्येक फेकीला पिकरने द्यावयाची आणि प्रत्येक फेकीला समोरच्या पेटीतील पिकरने व अडसराने शोषून घ्यावयाची असते.

पिकर आणि वादी

हा ठोसा देण्याची व झेलण्याची कामगिरी चामड्याकडे का आली, यामागे अनुभवसिद्ध शास्त्र आहे. लाकूड अशा आघाताने चिरते. लोखंड धोट्याचे टोक बोथट करते आणि धोटा उलट उसळवून लावते. म्हशीचे जाड चामडे दाबले जाते, आघात पोटात घेते आणि पूर्ववत होते. पिकरसाठी हे चामडे बूट-चपलांच्या चामड्याप्रमाणे कमावीत नाहीत. चुन्याच्या निवळीत ठेवून त्यावरील केस काढले जातात. मग कच्च्या अवस्थेतच कापून, घड्या घालून, साच्यात दाबून आणि रिवेट मारून त्याला आकार देतात. वाळल्यानंतर हे चामडे लाकडासारखे टणक होते. तयार पिकर तेलात मुरवून, नंतर दीर्घकाळ टांगून वापरण्याची जुनी रीत होती. जुने जॉबर नवा कोरा पिकर थेट मागावर चढवीत नसत, ते यासाठीच.

वरून मारणाऱ्या मागावर पिकर एका पोलादी सळईवर सरकतो. पिकिंगचा दांडा पेटीच्या वर आडवा हलतो आणि दांडा व पिकर यांना जोडणारी चामड्याची वादी पिकरला हिसका देऊन ओढते. कॅमने दिलेली गती दांड्यातून वादीत, वादीतून पिकरमध्ये आणि पिकरमधून धोट्यात अशी जाते. या साखळीतील सर्वांत मऊ कडी वादी असल्याने धोट्याची वेळ आणि जोर यांची बारीक जुळणी वादीची लांबी कमी-अधिक करूनच केली जाते. लोखंडाच्या एवढ्या मोठ्या यंत्राची चाल अखेर चामड्याच्या एका वादीच्या गाठीवर ठरते, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटेल.

चामडे हवेला दाद देते. भिवंडीच्या पावसाळ्यात ते ओलावा शोषून सैल पडते व वादी लांबते. वादी लांबली की पिकर उशिरा आणि कमी जोराने निघतो. धोटा दुसऱ्या पेटीत पोचण्यापूर्वीच ताण्याच्या तारा मिटू लागतात. उलट उन्हाळ्यात चामडे कोरडे पडून तडकते. म्हणून ऋतू बदलताना वादी पुन्हा जुळवावी लागते, आणि हे काम कोणत्याही वेळापत्रकात लिहिलेले नसते. ते जॉबरच्या हाताला ठाऊक असते. नायलॉन व पॉलियुरेथेनच्या अवयवांना हा त्रास तितकासा नाही आणि ते टिकतातही अधिक. त्यामुळे त्यांचा प्रसार होणे स्वाभाविक होते. तथापि चामडे झिजताना पुष्कळ आधीपासून खुणा देते; त्याचे धागे सुटतात, कडा फुलतात, रंग काळवंडतो. कृत्रिम पिकर वापरताना या खुणांच्या भरवशावर राहता येत नाही, म्हणून तो ठरावीक काळाने हातात घेऊन तपासणे अधिक अगत्याचे ठरते. वस्तू टिकाऊ झाली म्हणजे देखभाल संपली, हा समज यंत्रमागाच्या धंद्यात महाग पडलेला आहे.

धोटा का उडतो

पिकरवर धोट्याचे टोक जेथे आदळते तेथे कालांतराने खळगा पडतो. उथळ आणि योग्य जागी असलेला खळगा उपकारक असतो, कारण तो टोकाला स्थिर आधार देतो. हा खळगा खोल झाला, किंवा मुळातच केंद्रापासून सरकून पडला, की धोटा सुटताना तिरका होतो. वरून मारणाऱ्या मागावर पिकरची सळई आतील टोकाला किंचित उंच ठेवलेली असते. पिकरचा प्रवास संपताना धोट्याची मागची बाजू थोडी उचलली जावी, जेणेकरून त्याचे पुढचे नाक स्लेवर दाबलेले राहील, हा त्यातील हेतू. सळई वाकली, तिचे नट सैल झाले किंवा पिकरचे भोक झिजून मोठे झाले, तर हीच योजना उलटी फिरते आणि धोट्याचे नाक वर जाते. नाक वर गेलेला धोटा ताण्याच्या वरच्या तारांना भिडतो आणि तेथून त्याचा मार्ग मागाबाहेर असतो.

अर्थात सगळा दोष पिकरचा नसतो. तुटलेली तार शेजारच्या तारांत गुंतून बोगद्यात आडवी आली, खळ नीट न बसल्याने तारा एकमेकींना चिकटल्या, बोगदा पुरेसा उघडला नाही, फणी आणि पेटीची मागील बाजू एका रेषेत राहिली नाही, किंवा धोट्याचे टोक सैल झाले, तरी तोच परिणाम होतो. लक्षणीय गोष्ट ही की यांपैकी प्रत्येक दोष अपघातापूर्वी कापडावर उमटतो. बोगदा नीट न उघडल्यास कापडात तारा मोकळ्या लोंबतात. फेक कमजोर असल्यास धोटा तारांत अडकून शेकडो तारा एकदम तुटतात. पेटीत आदळून उसळणारा धोटा कडेला बाण्याचे फास सोडतो. कापड तपासणारा घडीवाला हे दोष मोजतो आणि विणकराच्या मजुरीतून ते वजा होतात. परंतु हेच दोष उडणाऱ्या धोट्याची पूर्वसूचना आहेत, अशी नोंद कोठे होत नाही. एकच चिन्ह हिशेबाच्या वहीत नुकसान म्हणून लिहिले जाते आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने वाचलेच जात नाही.

येथे चामडी वस्तूंच्या कारखान्याशी थोडी तुलना उद्बोधक ठरेल. धारावीतील पाकिटे-पिशव्यांच्या कारखान्यांत चामडे कापण्याचा प्रेस आणि कडा पातळ करण्याचे स्कायव्हिंग यंत्र ही धोक्याची मुख्य यंत्रे. प्रेसचा जड हात डायवर दाबून उतरतो आणि स्कायव्हिंग यंत्रातील घंटेच्या आकाराचे पाते सतत फिरत असते. या दोन्ही ठिकाणी धोक्याची जागा ठरलेली आहे. कामगाराचा हात त्या जागी गेला तरच इजा होते. म्हणून आधुनिक प्रेसवर दोन बटणे दोन हातांनी एकाच वेळी दाबल्याशिवाय प्रेस उतरत नाही अशी योजना असते. दोन्ही हात बटणांवर असले की ते डायखाली असू शकत नाहीत. ज्याचा हात त्याचेच यंत्र, असा तेथील न्याय आहे.

मागावर हा न्याय लागू पडत नाही, कारण धोका जागेवर राहात नाही. तो सुटून दुसरीकडे जातो. अरुंद बोळात समोरासमोर मांडलेल्या मागांच्या रांगेत एका मागावरून उडालेला धोटा समोरच्या मागावर पाठमोऱ्या उभ्या असलेल्या विणकराला लागू शकतो. ज्याने झिजलेला पिकर पाहिला आणि तसाच चालू दिला, त्याला काहीच होत नाही. ज्याचा त्या मागाशी संबंध नाही, त्याचा डोळा जातो. म्हणून ‘प्रत्येकाने आपापली काळजी घ्यावी’ हा लूमशेडमधील लोकप्रिय उपदेश येथे अपुरा पडतो.

या कारणास्तव शटल-गार्डची योजना झाली. स्लेच्या वरच्या पट्टीपुढे बसविलेली ही एक साधी सळई धोटा वर उसळल्यास त्याला खाली दाबते. ती स्वस्त आहे आणि तिच्यात बिघडण्यासारखे काही नाही. तरीही भिवंडीतील पुष्कळ मागांवर ती दिसत नाही. तुटलेली तार फणीतून ओढून घेताना सळई हाताच्या आड येते, आणि सहा-आठ माग सांभाळणाऱ्या विणकराला तार जोडण्याचे काम दिवसातून असंख्य वेळा करावे लागते. म्हणून ती आधी वर वळविली जाते, मग सैल केली जाते आणि एके दिवशी काढून कोपऱ्यात ठेवली जाते. माग थांबताच आपोआप वर उचलली जाणारी सळई यावरचा जुना आणि परिचित उपाय आहे. सुरक्षाकवच कामाच्या आड येत असेल तर ते टिकत नाही. ते बनविणाऱ्याने विणकराचा हात कोठे जातो हे आधी पाहिले पाहिजे.

विणकराचा हात, जॉबरचा कान

कुशल विणकर माग सुरू करतो तेव्हा धोटा पेटीत पूर्णपणे, पिकरला टेकलेला आहे याची बोटाने खात्री करून घेतो आणि हाताने चाक फिरवून स्ले योग्य जागी आणतो. ही क्रिया दोन-तीन सेकंदांची आहे. नवशिका ती गाळतो. अर्धवट बसलेल्या धोट्याला पहिला ठोसा अपुरा मिळतो आणि धोटा बोगद्यात अडकतो. अशा वेळी सैल फणीच्या मागावर फणी मागे हटून तारा वाचविते. घट्ट फणीच्या मागावर पेटीतील जीभ न उचलली गेल्याने खालील लोखंडी दात अडतो आणि माग धाडकन थांबतो. या आवाजाला आणि थांबण्याला कंटाळून कोणी ती योजना बांधून निकामी केली, तर मागाची एकमेव स्वयंचलित बुद्धी काढून घेतल्यासारखे होते.

कांडी संपल्यावर धोटा बदलताना माग पूर्ण थांबण्याची वाट पाहणे, फणी आणि कापडाच्या कडेमध्ये चालू मागावर हात न घालणे, पट्टा आणि गिअरवरची रुई माग बंद करूनच काढणे, या बाबी सर्वपरिचित आहेत. त्यांचा विस्तार येथे नको. पोशाखाविषयी मात्र एक निरीक्षण नोंदविले पाहिजे. उकाडा आणि दमटपणा यांमुळे लूमशेडमध्ये लुंगी-बनियन हाच रूढ पोशाख आहे. उघड्या गिअर-पट्ट्यांच्या शेजारी लुंगीचे सुटे टोक हा उघड धोका आहे. पण वायुवीजन नसलेल्या शेडमध्ये अंगासरशी जाड गणवेश घाला असे सांगणे हीही एक प्रकारची कल्पनाशून्यताच होय. गिअरला पत्र्याचे आच्छादन घालणे त्याहून सोपे आहे.

जॉबरचे कौशल्य वेगळ्या जातीचे असते. रांगेतून चालता चालता कोणत्या मागाचा पिकर उशिरा मारतो आहे हे तो कानाने ओळखतो. ठोशाचा आवाज कोरडा आहे की दबका, पेटीत धोटा टेकतो आहे की उसळतो आहे, यातील फरक त्याला शेकडो आवाजांतून निवडता येतो. हे ज्ञान कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. गावाकडून आलेला पुतण्या काकाच्या मागाशेजारी उभा राहून ते वर्षानुवर्षांत शिकतो. परंतु ज्या आवाजात हा कान तयार होतो, तोच आवाज त्याला नष्ट करतो. लूमशेडमधील ध्वनिपातळी ९० डेसिबलच्या वर, पुष्कळदा १०० च्या आसपास असते. भारतीय कारखाना नियमांत ९० डेसिबलला आठ तास, ९५ ला चार तास आणि १०० ला दोन तास अशी मर्यादा घातलेली होती. भिवंडीतील पाळी मात्र सामान्यतः बारा तासांची असते. अशा आवाजाने येणारे बहिरेपण प्रथम ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे तीव्र स्वरांच्या पट्ट्यात सुरू होते. बोलणे ऐकू येत असल्याने कामगाराला ते जाणवत नाही. आघाताच्या आवाजातील कोरडेपणा मात्र याच तीव्र स्वरांत असतो. म्हणजे जॉबरची श्रवणशक्ती जाते तेव्हा प्रथम त्याचे कसब जाते. कानात बोळे घातल्यास मागाचा दोष ऐकू येणार नाही, ही कामगारांची नेहमीची तक्रार असते. ती अगदीच निराधार नाही, कारण बोळे घातलेल्या कानाला सवय व्हावी लागते. परंतु ज्याची श्रवणशक्ती शाबूत आहे त्याला तीव्र गोंगाटात बोळ्यांमुळे आवाजांतील भेद ओळखणे फारसे कठीण जात नाही, असा अनुभव आहे. ज्याचा कान आधीच अधू झाला आहे त्याला मात्र ते अवघड जाते. याचा अर्थ बोळे पहिल्या दिवसापासून द्यावयास हवेत.

कायद्याची चौकट आणि शेडचा आकार

कारखाने अधिनियम, १९४८ मधील तरतुदी या दृष्टीने कमी नव्हत्या. कलम २१ अन्वये यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण आवश्यक होते. कलम २२ अन्वये चालू यंत्राजवळील तपासणी वा तेलपाणी केवळ प्रशिक्षित प्रौढ पुरुष कामगाराने, मालकाने दिलेल्या अंगासरशी कपड्यांत करावयाचे होते, आणि फिरत्या पुलीवरील पंधरा सेंटिमीटरहून रुंद पट्ट्यास हात लावण्यास मनाई होती. कलम २४ अन्वये निकामी पट्टा फिरत्या दंडावर लोंबत ठेवता येत नव्हता. चामडी पट्ट्यांच्या काळातील लूमशेड या कलमांच्या शब्दाशब्दांत दिसते. प्रश्न होता तो कायदा कोठे लागू होतो याचा. विजेवर चालणाऱ्या जागेत दहा किंवा अधिक कामगार असतील तरच तो मुळात कारखाना ठरे. कलम ८५ अन्वये त्याहून लहान जागांना कायदा लावण्याचा अधिकार राज्य शासनास होता.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० अमलात आली आणि तिने १९४८ च्या अधिनियमाची जागा घेतली. तिच्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या वीस कामगारांपासून सुरू होते; सर्वसाधारण आस्थापनांसाठी दहा ही मर्यादा आहे. आता भिवंडीतील चोवीस मागांची शेड घ्यावी. एक विणकर सहा माग सांभाळतो असे धरल्यास एका पाळीला चार आणि दोन पाळ्यांना आठ विणकर होतात. एक जॉबर आणि एक कांडीवाला मिळविल्यास संख्या दहा. विणकराकडे सहाऐवजी आठ माग दिले की ती आठवर येते. त्यातच एकाच छपराखालील माग कुटुंबातील दोन-तीन नावांवर नोंदलेले असतील, तर हजेरीपटावरील आकडे आणखी लहान होतात. चोवीस मागांवर चोवीस धोटे तेवढ्याच वेगाने धावत असतात; त्या आकड्यांशी धोट्याच्या ऊर्जेचा काही संबंध नाही.

मालकाची बाजूही येथे पाहिली पाहिजे. भिवंडीतील असंख्य मागमालक स्वतःचे कापड विणीत नाहीत. व्यापाऱ्याने दिलेल्या सुतावर ते मजुरीने काम करतात आणि त्यांनाही मीटरच्या हिशेबानेच पैसे मिळतात. पिकर, वादी, धोटे, तेल, वीज हा खर्च त्यांचा. कापडाला उठाव नसतो तेव्हा सर्वांत आधी लांबणीवर पडतो तो हाच किरकोळ खर्च. १ एप्रिल २०१७ रोजी भिवंडीतच आरंभ झालेल्या केंद्र शासनाच्या पॉवरटेक्स इंडिया योजनेत साध्या मागांना जागच्या जागी सुधारणा-संच बसविण्यासाठी अर्थसाहाय्य होते. ताण्याची तार तुटताच माग थांबविणारी योजना आणि कार्यक्षम ब्रेक यांचा त्यात समावेश होता. या दोन्ही गोष्टी चांगल्या कापडासाठी म्हणून दिल्या गेल्या. गुंतलेल्या तुटक्या तारेने उडणारा धोटा त्यांनी रोखला जातो, हा त्यांचा दुसरा उपयोग होय. रेपियर आणि एअरजेट माग वाढत आहेत आणि त्यांत धोटाच नसल्याने हा विशिष्ट धोका उरत नाही. परंतु साधे माग अजून फार मोठ्या संख्येने चालू आहेत, आणि त्यांवरील विणकराला भविष्यातील यंत्राचा दिलासा उपयोगाचा नाही.

पाळी बदलताना

पिकर, वादी, सळई आणि धोट्याचे टोक यांची तपासणी माग बंद असतानाच होऊ शकते. बोट घालून खळग्याची खोली पाहणे, वादीच्या गाठीजवळ चीर पडली आहे का हे वाकवून पाहणे, सळईचे नट आवळणे, धोट्याची दोन्ही टोके चाचपणे, एवढ्या कामास एका मागासाठी पाच मिनिटे पुरतात. यासाठी सर्वांत योग्य वेळ पाळी बदलण्याची, कारण तेव्हा दोन विणकर एका मागाजवळ असतात आणि जाणाऱ्याला मागाची त्या दिवसाची खोड ठाऊक असते. प्रत्यक्षात बहुतेक शेडमध्ये माग न थांबविताच हस्तांतर होते. येणारा विणकर बिशीत जेवून आलेला असतो, जाणारा जेवायला निघालेला असतो.

मिनिटाला १५० फेकींच्या मागावर पाच मिनिटे म्हणजे ७५० फेकी. इंचाला ५२ बाणे असलेल्या कापडात त्यांचे सुमारे साडेचौदा इंच कापड होते. सहा मागांचे मिळून ते सव्वादोन मीटरच्या आत राहाते. मजुरी मीटरवर असल्यामुळे तपासणीसाठी माग थांबविणारा विणकर हे सव्वादोन मीटर स्वतःच्या कमाईतून देतो, आणि न थांबविणाऱ्याला ते मिळतात. मालक, व्यापारी आणि विणकर यांच्यातील मजुरीच्या बोलणीत दर, बोनस आणि आगाऊ रक्कम यांची चर्चा होते. या सव्वादोन मीटरचा दर अद्याप त्या बोलणीत आलेला नाही.